रेशन सेवा: धान्य केंद्राचं, यादी राज्याची, दुकान गावातलं

महाराष्ट्रातल्या रेशनची हक्काची बाजू आज भक्कम आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला (सर्वांत गरीब कुटुंबांचं कार्ड) ३५ किलो धान्य बांधून दिलंय. जानेवारी २०२३पासून ते फुकट मिळतं. दुकानदार गाडीभाडं किंवा हमाली मागत असेल तर देऊ नका. तो खर्च कार्डधारकाचा नाही.

दुसऱ्या गावात, अगदी परराज्यातही त्याच कार्डावर हे धान्य उचलता येतं. राज्याने स्वतःच्या पैशातून दिलेल्या वस्तूंना मात्र हा नियम लागत नाही. २०२२च्या दिवाळीतला 'आनंदाचा शिधा' असाच राज्याचा होता. अशा वस्तूवर केंद्राच्या कायद्याने हक्क सांगता येत नाही.

सेवा खरी अडते नाव चढवताना. सुनेचं नाव कार्डावर येतं, पण तिचे ५ किलो सुरू होत नाहीत. किती लोकांना धान्य द्यायचं तो इष्टांक केंद्राने २०११च्या जनगणनेवर ठरवलाय. महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. त्यात कोण बसणार ते राज्य ठरवतं: वार्षिक उत्पन्न गावात ४४ हजार, शहरात ५९ हजारांपर्यंत. इष्टांक भरला की पात्र माणूसही ताटकळतो. जागा होते ती मयत आणि दुबार नावं निघाली की. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते, नाव तहसीलची पुरवठा शाखा काढते. म्हणून मयताचं नाव काढण्याचा आणि नवं नाव चढवण्याचा असे दोन्ही अर्ज एकदमच द्या, पोच घ्या आणि रेशन कार्डाच्या १२ अंकी क्रमांकावर नाव खरंच चढलं का, ते ऑनलाइन बघा. नुसत्या कार्डावरच्या शाईवर धान्य सुटत नाही. ही रचना अन्यायाची आहे. नव्या जनगणनेचे आकडे लागू होईपर्यंत तहसीलदारही त्यात फारसं काही करू शकत नाही.

ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, अंगठा उमटत नसेल तर दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. झिजलेले ठसे आधार केंद्रातच नव्याने नोंदवावे लागतात. तोवर डोळ्यांच्या स्कॅनची सोय आहे का, ते दुकानात विचारा.

माप कमी भरलं तर मात्र गोष्ट दुकानाची. पावती मागा, पिशवी तिथेच काट्यावर ठेवा, फरक लिहून १९६७वर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग. गावच्या दक्षता समितीलाही दुकानावर देखरेख ठेवण्याचा अधिकार आहे; समिती शेवटची कधी बसली, हे ग्रामसभेत जरूर विचारा.