घरच्या रेकॉर्डिंगचं सामान: पावसाळा, गणपती आणि थंडी काढल्यावर

विकत घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले, ते बहुतेक खोकं उघडलं त्याच दिवशी लिहिलेले होते. म्हणून हा सावकाश लिहितोय. सामान असं: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), शुअरचा एसएम५७ माईक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. इंटरफेसच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याच्याबद्दल थोडं वाकडं बोलायचं आहे, आणि त्या किमतीतले बाकीचेही फार वेगळे नसतात. मी अकॉस्टिक गिटार बोटांनी वाजवतो, गात नाही. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, खोली रस्त्याकडची.

सुरुवातीला इंटरफेससोबत आलेला कंडेन्सर माईकच वापरला. आवाज मोकळा आणि तारांची चमक सुरेख, पण त्याला सगळंच ऐकू येतं. खालच्या घरातला कुकर, बोळातली रिक्षा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाड्या तर गिटारपेक्षा जास्त. तेव्हा एसएम५७ घेतला. १९६५ पासून बाजारात असलेला हा साधा डायनॅमिक माईक. समोरचं घेतो, पाठीमागचं बरंचसं सोडतो. गिटारच्या भोकासमोर धरला तर नुसतं घुमतं. बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर), वीतभर अंतरावर ठेवला की तार आणि लाकूड दोन्ही येतात. पाठ खिडकीकडे करून बसू नका, माईकची पाठ खिडकीकडे असू द्या.

आता वाकडं. एसएम५७ मुळात हळू बोलणारा. बोटांनी नाजूक वाजवायचं तर गेनचं, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं, बटण जवळपास शेवटापर्यंत न्यावं लागतं, आणि तिथं इंटरफेस बारीक सरसर सुरू करतो. जोरात वाजवणाऱ्याला ती कळणारही नाही. मला दोन सुरांमधल्या शांततेत कळते. मध्ये लावायची बूस्टर डबी मिळते, पण तिच्या पैशात मी गिटारचं सेटिंग करून घेतलं. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा फ्रेटपासून इतक्या वर गेल्या होत्या की बोटं सोलवटत होती. लॅपटॉपचा चार्जर लावला की येणारी गुणगुण मात्र इंटरफेसची नव्हती, घराच्या अर्थिंगची होती. वायरमननं ती दुरुस्त केली आणि विषय संपला.

लेटन्सीची, म्हणजे वाजवलेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याची, भीती उगाच घालतात. सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल रेट) आणि १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद. आणि इंटरफेसमधूनच थेट ऐकवणारं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं तर तोही प्रश्न उरत नाही.

रेकॉर्डिंग झालं की खरं काम सुरू होतं, म्हणजे दुसऱ्यांना ऐकवायचं. आमचा चार-पाच वाजवणाऱ्यांचा गोतावळा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ करून टाकला की आवाज दाबला जातो. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. २४ बिट स्टिरिओ वेव्ह मिनिटाला १७ एमबीच्या आसपास जाते, म्हणून समोरच्याला आधी विचारावं. आणि कशावर ऐकणार तेही विचारावं. खर्जाची तार मी षड्जाला, म्हणजे डी ला, उतरवलेली असते. तो सूर ७३ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरला तो झेपतच नाही. एकानं फोनवर ऐकून ‘खाली काहीच नाही’ म्हणून कळवलं, त्याच संध्याकाळी हेडफोन लावून ‘खर्ज जरा जास्तच झालाय’ म्हणून.

‘लई भारी’, ‘नाद खुळा’ हे अभिप्राय ऐकायला गोड लागतात, पण त्यावर पुढं काही करता येत नाही. तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते का, तानपुरा मोठा वाटतो का, असं नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर येतं. अर्थात ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गात होते आणि देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून चालू आहे, तिथं न विचारताही ऐकवणारे भेटतात.

आमच्या गल्लीतले हार्मोनियमवाले काका त्यातलेच. त्यांना भूप रागावर, ज्यात मध्यम नसतो, बांधलेली एक सुरावट ऐकवली. गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी लावलेल्या, मागं तानपुरा. एकदा ऐकून म्हणाले, “भूपात मध्यम कुठनं आला रं?” मी म्हटलं, वाजवलाच नाही. “तू न्हाई वाजवला. तुझ्या बोटानं वाजवला.” हेडफोन लावून बघितलं तर खरंच. गिटार अशी लावली की तिसरी तार मध्यमाची. तिच्यावर पंचम किंवा धैवत घेऊन बोट उचललं की मोकळी तार हळूच ‘म’ म्हणून जाते. खोलीत कानाला कळत नाही, वीतभरावरच्या माईकला कळतं. उपाय सरळ निघाला: तिसरी तार अर्धा सूर उतरवून गंधाराला लावली. आता मोकळ्या तारा सा-प-सा-ग-प-सा, सगळ्या भूपातल्या.

काकांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. “गंधार चढा लागतोय.” तेही बरोबर. फ्रेटचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट) बसतो, तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक गाण्याच्या साथीत खपतो, एकट्या तानपुऱ्यावर कानाला टोचतो. मग ती मोकळी तार तानपुऱ्याशी जुळेपर्यंत किंचित खाली घेतली. त्यामुळे त्या तारेवरचे बाकीचे सगळे फ्रेट तेवढेच उतरतात; पंचम-धैवत आता शेजारच्या तारांवर शोधतो. बोटांची जुनी सवय मोडायला वेळ गेला, पण नवीन टेक ऐकून काका काहीच बोलले नाहीत, म्हणजे पास.

तबलजी मित्राची तक्रार वेगळी. “भावा, तिहाई आली की तू पळतोस.” माझं म्हणणं, क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, वाजवलंय. त्यानं फाइल ठेक्यावर ठेवून दाखवली. क्लिक जागेवर होता, मी प्रत्येक ठोक्याच्या जरा पुढं उभा होतो. त्याच्याच घरी विलंबित तीनतालाचा ठेका रेकॉर्ड केला आणि क्लिक काढून टाकला. ठेक्यात खाली (टाळी नसलेली जागा) कळते, सम दिसते, हात आपोआप थांबतो. शिवाय क्लिकची टिकटिक हेडफोनमधून गळून माईकमध्ये यायची, विशेषतः एक कान उघडा ठेवला की. ठेका गळला तरी तो संगीतातच मुरतो.

एका रॉकवाल्या दोस्तानं आवाज वाढव, रिव्हर्ब घाल, बास आण असं बरंच सुचवलं. रिव्हर्ब थोडा घातला. बाकीचं त्याच्या बँडला शोभतं.

तर, घ्यावं का? एसएम५७ डोळे झाकून घ्या, विशेषतः पेठेत राहत असाल तर. कंडेन्सर फुकट मिळाला तरी रात्री अकरानंतरच काढा. इंटरफेस ठीक आहे. सरसरीचं वर लिहिलंय. अडचण एकच निघाली: तबलजीला आता माझ्यासोबत वाजवायचं आहे. तबल्याला एक माईक, डग्ग्याला एक, गिटारला एक, म्हणजे तीन झाले. एकट्यानं वाजवणार असाल तर दोन इनपुट पुरे. तबलजी दोस्त असेल तर सरळ चार इनपुटचा घ्या.