ऑफर लेटरचं तिसरं पान मागून घ्या

परदेशात पदवीसाठी अर्ज करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील यांनी हे जरूर वाचावं. माझ्या भाचीच्या बाबतीत जे घडलं ते तिला विचारूनच लिहिते आहे. नावं मुद्दाम टाळली आहेत. बनावट विद्यापीठांबद्दल आपण बरंच ऐकतो, पण इथे विद्यापीठ खरं होतं आणि त्यांनी दिलेली ऑफरही खरी होती. फसवणूक झाली ती प्रवेशाच्या अटींमध्ये. त्या अटी तिच्यापर्यंत पोहोचूच दिल्या गेल्या नाहीत.

तिला ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रात बीएससी करायचं होतं. बारावी कॉमर्सची, गुण उत्तम, पण गणित घेतलेलं नव्हतं. ताई-भाऊजी तिला घेऊन एका कन्सल्टन्सीत गेले. तिथल्या कौन्सेलरने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "ताई, गणिताचं टेन्शन घेऊ नका, आमचं युनिव्हर्सिटीशी डायरेक्ट बोलणं असतं. आयएलटीएसपण द्यायला नको, वेव्हर करून देतो."

अशा बोलण्यात थोडं खरं असतं, म्हणूनच ते पटतं. बारावीत इंग्रजीला चांगले गुण असतील तर आयएलटीएससारख्या इंग्रजीच्या वेगळ्या परीक्षेतून सूट देणारी ब्रिटिश विद्यापीठं खरोखरच आहेत. पण कोणत्या बोर्डाचे गुण चालतील, किती हवेत, कोणत्या अभ्यासक्रमाला सूट आहे, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं आणि आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवतं. गणिताचंही तसंच. बीएससी अर्थशास्त्राला बऱ्याच ठिकाणी ते लागतंच, काही ठिकाणी बीएला लागत नाही. मधल्या माणसाच्या ओळखीने यातलं काही बदलत नाही.

ब्रिटनमधल्या पदवीचे बहुतेक अर्ज यूकॅस या एकाच यंत्रणेतून जातात. एका अर्जात पाच पर्याय देता येतात, आणि विद्यापीठांचे निर्णय विद्यार्थ्याच्या खात्यात दिसतात. कौन्सेलरने भाचीच्या नावाने नवा ईमेल काढला, त्यावरून खातं उघडलं आणि दोन्हींचे पासवर्ड स्वतःकडे ठेवले. कारण काय, तर "मुलं मेल बघत नाहीत आणि मग डेडलाइन चुकते." सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. अर्ज मुलीचा, खाली जबाबदारी मुलीची, आणि आत काय भरलंय ते तिलाच दिसत नाही!

ऑफर लेटर आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, पीडीएफ म्हणून. ठळक "अनकंडिशनल ऑफर", म्हणजे कुठलीही अट न ठेवता प्रवेश. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पुढे ते पत्र मी मोठं करून पाहिलं, तेव्हा त्या एका शब्दाची अक्षरं बाकीच्या ओळीपेक्षा किंचित जाड दिसली. आणि तळाशी बारीक आकड्यात होतं, तीनपैकी पहिलं पान, तीनपैकी दुसरं पान. तिसरं पान पीडीएफमध्ये नव्हतंच.

मग सीट ब्लॉक करायची म्हणून डिपॉझिट मागितलं गेलं. तेही विद्यापीठाच्या पेमेंट पानावर नाही, कन्सल्टन्सीच्या खात्यात. पावती त्यांच्याच लेटरहेडवर.

खरी शंका आली ती कॅस येईना तेव्हा. कॅस म्हणजे ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो क्रमांक. अटी पूर्ण झाल्याशिवाय तो मिळत नाही. अनकंडिशनल ऑफर असलेल्या मुलीचा कॅस अडतो कशाला, हा साधा प्रश्न होता आणि कौन्सेलरकडे त्याचं रोज नवं उत्तर होतं. शेवटी मी भाचीला तिच्या स्वतःच्या ईमेलवरून विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला लिहायला लावलं. तिनेच लिहिणं गरजेचं होतं, कारण विद्यार्थ्याची माहिती ते मावशीला काय, आईवडिलांनाही परस्पर देत नाहीत. ओळख पटवायला त्यांनी पासपोर्टची प्रत मागितली आणि मग मूळ पत्र पाठवलं, तिन्ही पानांसकट.

तिसऱ्या पानावर अटी होत्या. बारावीत गणितात ठरावीक गुण. आयएलटीएसमध्ये एकूण 6.5 आणि कुठल्याही घटकात 6.0 पेक्षा कमी नको. डिपॉझिट विद्यापीठाकडे जमाच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिच्या अर्जात बारावीच्या विषयांमध्ये गणित लिहिलेलं होतं. तिने कधी न घेतलेलं गणित.

इथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. यूकॅस खोट्या माहितीवरून अर्ज रद्द करू शकतं. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला असं ठरलं, तर ब्रिटनमध्ये 10 वर्षांपर्यंत आणि कॅनडात 5 वर्षांची बंदी येऊ शकते, आणि ती बंदी लागते विद्यार्थ्याला. कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या भारतीय मुलांचं प्रकरण 2023 मध्ये गाजलं होतं. तेव्हापासून, म्हणजे 1 डिसेंबर 2023 पासून, तिथला इमिग्रेशन विभाग प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेतो. ती मुलंही एजंटवरच विसंबली होती.

जाब विचारल्यावर कौन्सेलर म्हणाला, "युनिव्हर्सिटीने ऐनवेळी नियम बदलले." साफ खोटं. अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेशाचं वर्ष आणि आपला देश निवडला की त्या वर्षीच्या अटी दिसतात. गणिताची अट तिथे स्पष्ट लिहिलेली होती, आणि अर्ज भरणाऱ्याला ती माहीत होती, म्हणून तर त्याने गणित घुसवलं.

भाचीने सगळा प्रकार विद्यापीठाला लेखी कळवून अर्ज मागे घेतला. पोलिसांत तक्रार दिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, पावती आणि दोन्ही पत्रं जपून ठेवली होती, ती कामी येताहेत. डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही. आता ती गणिताची अट नसलेल्या अभ्यासक्रमांना स्वतः अर्ज करते आहे.

सगळेच कन्सल्टंट असे नसतात. बऱ्याच विद्यापीठांच्या संकेतस्थळावर त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींची देशवार यादी असते, ती जरूर बघा. पण तुमच्या हातात आज एजंटकडून आलेलं ऑफर लेटर असेल, तर त्याच्या भरवशावर पैसे भरण्याआधी मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या ईमेलवरून प्रवेश विभागाला लिहावं. पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यावा, एजंटने दिलेला नको. अर्जाचा क्रमांक, जन्मतारीख आणि चार प्रश्न एवढं पुरतं: माझी ऑफर कंडिशनल आहे का, कोणत्या अटी बाकी आहेत, अर्जात माझे कोणते विषय लिहिले आहेत, आणि माझ्या नावावर किती रक्कम जमा आहे.