क्लोरहेक्सिडिन माउथवॉश: कधी घ्यावं, किती दिवस, आणि कधी बाटली बंद करावी

हिरड्यांतून रक्त येऊ लागलं की बहुतेक जण आधी माउथवॉशकडे वळतात. बाटल्या मात्र दोन जातींच्या असतात. एक नुसता श्वासाला सुवास देणारी, दुसरी क्लोरहेक्सिडिन ग्लुकोनेट या जंतुनाशक औषधाची. हे परीक्षण दुसऱ्या जातीचं आहे, 0.2 आणि 0.12 टक्के या दोन्ही ताकदींचं. स्केलिंगनंतर (दातांवरचं कीटण खरवडून काढल्यावर) किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांसाठी याच्या तोडीचं माउथवॉश नाही. ब्रशऐवजी म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

याची ताकद कशात आहे ते आधी पाहू. 1965 साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांचं दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू करताच बऱ्या झाल्या. प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, हेच हिरडीच्या सुजेचं कारण, हे तिथे पक्कं झालं. पुढे 1970 मध्ये लोए आणि शिओट यांनी दाखवलं, की 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा चूळ भरली तर दात न घासताही नवा प्लाक जवळजवळ धरत नाही. या रेणूवर धन भार असतो, त्यामुळे तो दाताला आणि गालाच्या अस्तराला चिकटून बसतो आणि तासन्‌तास हळूहळू सुटत राहतो. दिवसातून दोनच वेळा पुरतं ते त्यामुळे.

पण नवा प्लाक थांबवणं आणि जुना काढणं यात फार अंतर आहे. घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसेस जातीचे जंतू येतात. मग फ्युजोबॅक्टेरियम. तो आधीच्यांनाही धरतो आणि नंतरच्यांनाही, म्हणून याच्या आधाराने पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे प्राणवायू नको असलेले जंतू खोल फटीत वस्ती करतात. सगळे स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात राहतात. औषध वरच्या थरात अडकतं, तळापर्यंत पुरेसं पोचत नाही. प्लाक कडक होऊन त्याचं कीटण झालं असेल तर प्रश्नच मिटला. ते कुठल्याही चुळीने सुटत नाही.

दुसरी मर्यादा जागेची. निरोगी हिरडीची फट 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. 4 किंवा त्याहून जास्त झाली आणि हिरडीची दाताशी पकड सुटलेली असली की खरं पॉकेट. चूळ हिरडीच्या कडेखाली फारशी उतरत नाही. म्हणजे दाताला धरून ठेवणारं हाड जिथे झिजतंय तिथे हे औषध जातच नाही. वरची सूज उतरते, रक्त थांबतं आणि आजार गेला असं वाटतं, हा याचा सगळ्यात मोठा धोका.

वापर: 0.2 टक्केचं 10 मिली एक मिनिट, किंवा 0.12 टक्केचं 15 मिली अर्धा मिनिट. पहिल्यात 20 मिलिग्रॅम औषध जातं, दुसऱ्यात 18, त्यामुळे कमी ताकदीची बाटली घेतलीत तरी बिघडत नाही, माप मात्र पाळा. गिळू नका. नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नका, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. सगळ्यात जास्त चुकतं ते पेस्टच्या बाबतीत. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटवर ऋण भार असतो. ते क्लोरहेक्सिडिनला बांधून निकामी करतं. ब्रश आणि चूळ यांत निदान अर्धा तास जाऊ द्या.

त्रासही सांगायलाच हवेत. दातांवर, जिभेवर आणि जुन्या फिलिंगच्या कडांना तपकिरी डाग पडतात. चहा-कॉफी पिणाऱ्यांना लवकर. ते पॉलिशिंगने निघतात, पण फिलिंगच्या कडेचे चिवट असतात. चव बिघडते, खारट चव तर विशेष. कीटणही थोडं जास्त साचतं. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच थांबवून दवाखाना गाठा. तोंड कोरडं पडत असेल तर अल्कोहोल नसलेलीच बाटली घ्या. कपड्यावर सांडलं तर क्लोरीन ब्लीच लावू नका, डाग तपकिरी होऊन कायमचा बसतो.

रोजच्या कामाला दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश कितीतरी उजवा. तार दाताला न घासता आणि जोर न लावता आत जाईल, पण केस दोन्ही बाजूंना टेकतील, असा आकार निवडा. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, म्हणून सोडू नका. नीट सफाई करूनही दोन आठवड्यांनंतर येतच राहिलं तर दुसरी बाटली न आणता दंतवैद्याकडून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेटची खोली मोजून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांनी रक्ताची वाटही पाहू नये. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो.