निवासी मदरशात अरबी बोलायला शिकणं : वर्षभरानंतरचा अनुभव (आधी खोली बघा)

शव्वालमध्ये, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यात, पोराला घातलं, आता रमजानच्या सुट्टीत घरी आलाय, म्हणून लिहितोय. प्रवेश, जेवण, नमाजाच्या वेळा सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही.

आम्ही रावेरकडचे तडवी, म्हणजे मुस्लिम भिल्ल. पोरगा मराठी शाळेतला, उर्दू कच्ची. नेहमीच्या मदरशांत सर्फ-नह्व, म्हणजे अरबी व्याकरण, उर्दूतून समजावतात. आमची पोरं तिथे आधी उर्दूत अडकतात, मग अरबीत. पुढे किताब वाचता येते, पण तोंड उघडत नाही. इथे वर्गात अरबीतूनच अरबी आणि असरपासून इशापर्यंत, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंत, दुसरी भाषा बंद, असं सांगितलं, म्हणून जादा फी भरली. तीही केळीला भाव नसताना.

पहिले काही महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. कारण एकच, खोली. खानदेशातली सगळी पोरं एकाच खोलीत टाकलेली. उस्तादांची पाठ वळली की अहिराणी नि मराठी सुरू. फोनवर पोरगा सलामापुढे दोन वाक्यं बोलायचा, तीही पाठ केलेली. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, एका भागातली पोरं एकत्र असली की रमतात, घरी पळत नाहीत. लहानग्यांसाठी ठीक आहे. पण मग भाषेची जादा फी कसली घेता? खूप खेटे घातले, वाद घातला, तेव्हा कुठे खोली बदलून मिळाली.

आणि तिथून माझं मत बदललं. नव्या खोलीतला शेजारी केरळचा. त्याला ना उर्दू येते, ना मराठी. बादली मागायची तरी अरबीच. ज्यासाठी एवढी फी भरली, ते काम त्या एका खाटेने केलं.

परवा पोरगा ओट्यावर बसून त्याच दोस्ताशी फोनवर बोलत होता. आपल्या बागेचं सांगत होता. अरबीत दोन केळ्यांना एक रूप, तिनांना दुसरं. आपल्याकडे द्विवचनच नाही, त्यामुळे हे जड जातं. एकदा चुकला, पलीकडून दुरुस्ती आली, हा ते रूप नीट म्हणून पुढे बोलत राहिला. मी हातातलं काम टाकून ऐकत उभा होतो.

आखातात नोकरीच्या हिशेबाने घालणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. ही फुसहा आहे, किताबांची आणि बातम्यांची अरबी. कुवेतच्या बाजारात लोक वेगळंच बोलतात, ते वेगळं शिकावं लागेल.

यंदा पुन्हा तीच फी भरतोय, घासाघीस न करता. फक्त खोलीची अट अर्जावर लिहून, त्यावर सही-शिक्का घेतल्यावरच पैसे देणार.