मेलेली पेटी बडबडत होती

भोसरीतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं हा माझा गुन्हा, त्यामुळे प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि फायरवॉल (कारखान्याचं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटपासून राखणारी पेटी) या तिन्हींची कटकट माझ्याच गळ्यात. गेल्या पावसाळ्यात या फायरवॉलपायी ३८,००० रुपये गेले.

पहिली चूक माझीच. गुरुवारी सुट्टी, म्हणून पेटीचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायला गुरुवार धरला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे भोसरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, यूपीएस आहे की! त्याच्या बॅटऱ्या चार वर्षं जुन्या. नवी फाइल आत लिहिली जात असतानाच लाइट गेली, यूपीएस एकदा किंचाळला आणि त्याने मान टाकली. लाइट आल्यावर पेटीचा एक दिवा लागला, दुसरा नुसता लुकलुकत राहिला. तासभर तेच. नेटवर्कवरून हाक मारली (पिंग) तर ओ नाही, लॉगिनचं पान नाही.

शुक्रवारी सकाळी माल भरून गाड्या गेटवर उभ्या आणि आम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकेक ई-वे बिल काढतोय. मालकांनी कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि अर्ध्या तासात एक गृहस्थ हजर. बोलणं गोड, गळ्यात ओळखपत्र, बॅगेत निळी कन्सोल केबल, म्हणजे पेटीशी थेट बोलायची तार. ती लावून त्यांनी पुटी हे पेटीचं बोलणं स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीनवर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कसलीतरी आडवीतिडवी अक्षरं धो धो वाहू लागली. "बघा साहेब, चिप जळली. ही आता कचरा झाली. कंपनीही या मॉडेलला हात लावत नाही." मालकांना दाखवायला म्हणून मी स्क्रीनचा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी 'नवीन' पेटी बसवून दिली. बिल हवं तर १८ टक्के वर लागतील म्हणाले. गाड्या उभ्या असताना १८ टक्क्यांसाठी कोण भांडतो? रोख दिले. जुनी पेटी ते दीड हजारात न्यायला तयार होते. तेवढी मी दिली नाही. हुशारी म्हणाल तर अजिबात नाही, मालमत्ता नोंदवहीत तिला नंबर आहे आणि भंगाराचं व्हाउचर झाल्याशिवाय मी टेबलसुद्धा बाहेर जाऊ देत नाही, एवढंच.

महिन्याभराने पेटीतला नको त्या साइट अडवणारा वेब फिल्टर शिळा व्हायला लागला. नूतनीकरणासाठी पेटीचा सिरीयल नंबर आमच्या खात्यात टाकला, तर तो आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदलेला. म्हणजे वापरलेली पेटी, आणि परवाना त्या नंबरलाच चिकटलेला. फोन केला तर "दोन दिवसांत करतो". असे पाच-सहा दोन दिवस झाले, मग फोन उचलणंच बंद. चाचपडत मी अ‍ॅडमिनची यादी उघडली. त्यात माझ्याखाली आणखी एक नाव होतं आणि बाहेरच्या इंटरनेटवरून लॉगिनही चालू ठेवलेलं. पैशांपेक्षा या गोष्टीने माझी झोप उडाली. कारखान्याच्या दाराची एक किल्ली महिनाभर त्या माणसाच्या खिशात होती.

डोंबिवलीचा मावसभाऊ नेटवर्कचंच काम करतो. त्याला तो फोटो पाठवला. तो हसतच सुटला. "दादा, मेलेला माणूस बडबडतो का रे? बोर्ड जळला असता तर स्क्रीन कोरी राहिली असती. पेटी बोलतेय, ऐकणाऱ्याने वेग चुकीचा लावलाय." आमची पेटी सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने बोलते, त्या गृहस्थांनी बहुधा ११५२०० लावला होता. मुद्दाम की अडाणीपणाने, देव जाणे. पण रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

रविवारी तापकीर गल्लीतून केबल आणली, साडेतीनशे रुपये. भाऊ फोनवर. वेग ९६०० लावून पेटी चालू केली आणि स्वच्छ इंग्रजी ओळी उमटल्या. मेनूसाठी कळ दाबायला काही सेकंदच मिळतात, दोनदा हुकलो. मग आतली डिस्क फॉरमॅट केली, लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल पाठवणारा छोटा प्रोग्राम) चालवला आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेली मूळ फाइल लॅनच्या केबलने आत सोडली. म्हणजे सोडणार होतो, पण माझ्याच विंडोजच्या फायरवॉलने ती अडवली! ती बंद केल्यावर दहा मिनिटांत पेटी उठली. फॉरमॅटमध्ये सेटिंग पुसली जाते, पण अपग्रेडच्या आदल्या दिवशी घेतलेला बॅकअप मेलमध्ये होता. तो चढवला आणि त्यातले सगळे व्हीपीएनचे (बाहेरून कारखान्याच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेचे) पासवर्ड लगेच बदलले, कारण नवी पेटी बसवताना तीच फाइल मी त्या गृहस्थांच्या पेनड्राइव्हवर दिली होती.

आणि ही मूळ फाइल उतरवता आली ती कशामुळे? आमचा सपोर्ट करार अजून सात महिने शिल्लक होता म्हणून. त्या शुक्रवारी कंपनीच्या सपोर्टला एक फोन केला असता तर हेच काम त्यांनी फुकट करवून घेतलं असतं. करारपत्र माझ्याच फायलीत होतं.

ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं, तर धंद्यासाठी केलेली खरेदी तिथे सहसा बसत नाही, असं आमचे वकील म्हणाले. पोलिसांकडे जायला हातात बिल नाही, नुसता एक फोटो. ती दुसरी पेटी सध्या माझ्या कपाटात पडून आहे. बिल नसल्यामुळे नोंदवहीत तिला नंबर देता येत नाही, आणि नंबर नसल्यामुळे भंगारातही काढता येत नाही.