बेस येत नाही म्हणून मोठा अ‍ॅम्प घेताय? आधी बॅलन्स फिरवून बघा

“अ‍ॅम्प कमी पडतोय, वूफर उचलत नाही.” या एका वाक्यावर सांगलीत विश्रामबागच्या एका स्विफ्टवाल्याला 22 हजारांना गंडवलंय. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण युक्ती नीट समजून घ्या.

कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून मागच्या दोन स्पीकरच्या वायरींना जोड मारून अ‍ॅम्पच्या हाय लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारी जागा) दिल्या होत्या. डिकीत 12 इंची वूफर, तरी बेस नावालाच. दुकानदारानं मोठा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प आणि वीज साठवणारा कपॅसिटर गळ्यात मारला. तो बसवला आणि डिकीचा पत्रा थरथरायला लागला. मालक खूश!

जुना अ‍ॅम्प एक्स्चेंजमध्ये फारच कमी भावात मागत होते म्हणून त्यानं तो घरी नेला, आणि त्यामुळेच हे उघडं पडलं. त्याच वायरींवर जुना अ‍ॅम्प जोडला, तर बेस जवळपास तेवढाच. पहिल्या दिवशी मोबाइलवर काढलेल्या फोटोत उजव्या स्पीकरची पट्टीवाली वायर प्लसमध्ये होती, डावीकडची मायनसमध्ये. नवा अ‍ॅम्प बसवताना ती जोडी गुपचूप सरळ केली आणि श्रेय 22 हजारांच्या मालाला दिलं.

गाण्यातला बेस बहुतेक वेळा डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सारखाच असतो. वूफरचा अ‍ॅम्प दोन्ही चॅनल एकत्र करतो. एक बाजू उलटी असली की बेरजेऐवजी वजाबाकी होते आणि बेस अ‍ॅम्पमध्ये शिरतानाच मरतो. मग वॅट कितीही वाढवा, उपयोग शून्य.

ओळखायला पैसे लागत नाहीत. स्टिरिओवरचा बॅलन्स (आवाज डाव्या-उजव्या बाजूला सरकवणारं सेटिंग) पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना बेस दणदणीत आणि मध्ये आणला की गायब, तर इनपुटची एक जोडी उलटी आहे. इथे अ‍ॅम्पवरचं फेजचं, म्हणजे वूफरचा सिग्नल उलटा-सुलटा करणारं 0/180 चं बटण दाबून काही होत नाही, कारण सिग्नलच उरलेला नसतो.

बॅलन्सनं फरक पडत नसेल तर वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोनवर (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) बोट अलगद ठेवा, कोन बाहेर यायला हवा. वूफर ड्युअल कॉइलचा असेल, म्हणजे कोन हलवणारी तारेची वेटोळी दोन असतील, तर दोन्ही कॉइल सुट्या करून वेगवेगळ्या तपासा. एक उलटी असली की दोघी एकमेकींना अडवतात, कोन हलत नाही आणि कॉइल मात्र तापत राहते. मल्टिमीटर दाखवून “बघा, ओहम बरोबर आहेत” म्हणणाऱ्याला भुलू नका. कॉइल सरळ असो वा उलटी, मीटरवर आकडा तोच येतो.

हे सगळं बरोबर निघालं की मगच फेज. बेस बूस्ट बंद, वूफरचा लो पास (त्यावरचे सूर वूफरकडे जाऊ न देणारं सेटिंग) 80 हर्ट्‌झला. डिकी आणि काचा बंद करून ड्रायव्हरच्या सीटवर बसा, 80 हर्ट्‌झचा टोन लावा आणि दुसऱ्याला बटण 0 वरून 180 वर करायला सांगा. जिथे आवाज भरीव वाटेल तेच ठेवा. डिकी उघडून तिथेच उभं राहून केलेलं सेटिंग फसवं असतं. 80 हर्ट्‌झची लाट सव्वाचार मीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे वूफर आणि पुढच्या दारातला स्पीकर यांच्या अंतरातल्या फरकानंही सीटवर येईपर्यंत आवाज एकमेकांना खाऊ शकतो.

फिटिंग करून घेताना प्रत्येक जोडाचा फोटो काढा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि जुना माल परत मागा. फसलाच असाल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. त्या स्विफ्टवाल्याकडे तो पहिल्या दिवशीचा फोटो आणि दोन्ही बिलं आहेत.