'मातीत विरघळणारा' मल्चिंग पेपर घेताय? आधी हे वाचा

टोमॅटो, मिरची, कलिंगडवाल्यांनो, आमच्या जुन्नर भागात सध्या बायोडिग्रेडेबल म्हणजे कुजणारा म्हणून मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा कागद) विकतायत, साध्यापेक्षा जवळपास दीडपट भावाने. दुकानदार म्हणाला दादा पीक निघालं की पेपर गोळा करायची मजुरी वाचली, सरळ रोटाव्हेटर मारा, एका पावसाळ्यात सगळा मातीत विरघळतो. तसंच केलं, पाऊस होऊन गेला आणि आता रानात कुठेही कुदळ मारली की चंदेरी-काळ्या चिंध्या वर येतात, तेही इतके बारीक तुकडे की वेचायला माणसं लावली तरी निघत नाहीत. साधा पेपर असता तर निदान ओढून, गुंडाळून बांधावर तरी काढला असता! पैसे गेले त्याचं एवढं नाही, जमिनीत हे कालवून ठेवलं त्याचा संताप होतो.

तुकडा धुऊन, साबणाच्या पाण्यात बुडवून बघितला, सोडला की लगेच वर. म्हणजे पॉलिथिनच, ते पाण्यापेक्षा हलकं असतं. खरा कुजणारा पेपर पीबीएटी (एक कुजणारं प्लास्टिक), स्टार्च वगैरेचा असतो, तो जड, बुडतो. घेण्याआधी दुकानातच एवढं करून बघा, तरंगला तर घेऊच नका.

बऱ्याचदा पॉलिथिनमध्येच ते लवकर तुटावं म्हणून केमिकल घालून विकतात, त्याला ऑक्सो प्लास्टिक म्हणतात, त्याने उन्हात पेपर ठिसूळ होऊन फाटतो आणि आपल्याला वाटतं कुजला, पण तो नुसता तुटतो, आणि मातीखाली दाबलेल्या कडांना तर ऊनच लागत नाही. युरोपात या ऑक्सो प्लास्टिकवर २०२१ पासून बंदी आहे. तिकडच्या ईएन १७०३३ मानकात खऱ्या पेपरलासुद्धा टेस्टमध्ये ९० टक्के कुजायला दोन वर्षांपर्यंत मुदत दिलीय, मग एका पावसाळ्याची गॅरंटी दुकानदार कशाच्या जोरावर देतो?

बिलावर फक्त 'मल्चिंग पेपर २५ मायक्रॉन' लिहिलंय, बायोडिग्रेडेबल शब्दच नाही, त्यामुळे आता दुकानदार हात वर करतोय. तो शब्द बिलावर लिहून घ्याच, आणि असा माल विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, तेही मागा. नाही दाखवलं तर उठून या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार टाकलीय, रोलचा उरलेला तुकडा आणि बिल जपून ठेवलंय. कोणी हा पेपर आधीच अंथरला असेल तर कृपा करून रोटाव्हेटर मारू नका, पीक निघालं की आधी हाताने काढून घ्या.